दुखणं वर सरकतं तेव्हा

शिंक येणार असं वाटलं की मी आधी भिंत धरायचे. भिंत जवळ नसेल तर ओटा, ओटा नसेल तर नवरा. शिंकेबरोबर डाव्या कुल्ल्यातून कळ निघायची आणि मांडीच्या मागून, पोटरीतून, टाचेला वळसा घालून पायाच्या करंगळीशी जाऊन थांबायची. शिवणयंत्राची सुई कापडावर एका रेषेत टाके घालत जाते ना, तशी. खोकल्यालाही तेच, हसण्यालाही तेच. त्या दिवसांत आमच्या घरी विनोद करायला बंदी होती.

मी मुद्रितशोधक आहे. लोकांनी लिहिलेल्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ नीट करणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. पुण्यात हे काम वर्षभर पुरतं, पण श्रावण लागला की दिवाळी अंकांची प्रुफं यायला लागतात आणि पुढे दोन-अडीच महिने मान वर करायला सवड मिळत नाही. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या छापखान्याच्या माळ्यावर माझी खुर्ची आहे. लाकडी, सरळ पाठीची. पण त्या पाठीचा उपयोग काय? प्रूफ वाचणारा माणूस मागे टेकत नाही, तो कागदावर ओणवा असतो. आल्फ नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. उभं असतानाचा दाब १०० धरला, तर उताणं झोपल्यावर तो २५ भरतो, बसल्यावर १४० आणि बसून पुढे वाकल्यावर १८५. म्हणजे मी दिवसाचे दहा-दहा तास १८५वर बसले होते. हे कळलं नंतर. तेव्हा नुसती कंबर धरायची, आणि ती काय, कोणाची धरत नाही?

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी निमित्त झालं लाल पेनाचं. टेबलाखाली पडलं, मी बसल्या बसल्या कमरेतून वळून, वाकून ते उचललं. पेन वर आलं, मी आले नाही. लोकांना वाटतं, काहीतरी मोठं उचललं असेल, सिलिंडर, गव्हाची गोणी. पेन म्हटलं की विचारणारा जरा नाराजच होतो.

पहिल्या आठवड्यात जे भेटायला आले, त्या प्रत्येकाने निदान बरोबरच आणलं होतं. शीर आखडलीय. नस दबलीय. मणका सरकलाय. सायटिका आहे, माझ्या मेव्हण्याला होता, त्याने बाभळीचा डिंक खाल्ला. सगळ्यांत लोकप्रिय निदान ‘मणक्यात गॅप’. हा शब्द प्रुफात आला असता तर मी त्याला लाल गोल करून समासात प्रश्नचिन्ह टाकलं असतं. गॅप पडत नाही, उलट होती ती जागा कमी होते. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. बाहेरून चिवट धाग्यांच्या थरांचं कडं, आत पाणीदार गर. कडं मागच्या बाजूने चिरलं की गर बाहेर डोकावतो आणि नेमकं तिथूनच पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचं एकेक मूळ निघतं. कमरेतली शेवटची दोन आणि त्याखालची तीन अशी पाच मुळं एकत्र येऊन जी नस बनते ती सायटिक. शरीरातली सगळ्यात जाड, अंगठ्याएवढी. कुल्ल्यात दुखत होतं, पण कुल्ल्याला काहीच झालेलं नव्हतं. पोटरीत गोळे यायचे, पोटरीलाही काही झालेलं नव्हतं. चूक एका पानावर आणि शुद्धिपत्र दुसऱ्याच पानावर, असा प्रकार.

आणि गर नुसता दाबतही नाही. त्यातल्या रसायनांनी नसेचं मूळ चिडतं, सुजतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझी निम्मी भीती कमी झाली असती. कारण दाबलेली वस्तू कोणीतरी काढल्याशिवाय निघणार नाही असं वाटतं, सूज मात्र उतरते हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं.

दुखणं जुनंच आहे. चरकसंहितेत ते ‘गृध्रसी’ या नावाने येतं आणि ते कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल असं उतरत जातं, हेही तिथे क्रमवार सांगितलंय. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव, असा त्याचा अर्थ लावतात. मी न्हाणीघराकडे जाताना कपाटाच्या आरशात स्वतःला पाहिलं आणि त्या नावाबद्दल माझी काही तक्रार उरली नाही.

एमआरआय झाला. रिपोर्टच्या भाषेवर वेगळा लेख होईल, क्रियापद नावाला नाही. ‘एल फाइव्ह एस वन’ला, म्हणजे कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं हाड यांच्या मध्ये, डावीकडे चकतीचा मोठा तुकडा बाहेर, एस वन नावाच्या नसेच्या मुळावर दाब, शिवाय वरच्या दोन चकत्याही झिजलेल्या, ‘डिजनरेटेड’. तो शेवटचा शब्द मी तीनदा वाचला. माणूस स्वतःबद्दल असं छापलेलं पाहतो तेव्हा वयाची पन्नाशी एकदम साठीला जाऊन मिळते.

रिपोर्ट घेऊन आम्ही एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या सर्जनांनी फिल्म उजेडाला धरली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, शनिवारी टेबल मोकळं आहे, करून टाकू. थांबलात तर पाय लुळा पडेल. माझ्या पायाला त्यांनी हात लावला नव्हता. बाहेर काउंटरवरच्या मुलीने अंदाजे खर्चाचा कागद दिला, त्यात ‘शस्त्रक्रिया’तला ‘स्त्र’ चुकला होता. मी तो मनात दुरुस्त केला आणि तेवढ्या क्षणभरात थोडी भानावर आले.

नवरा म्हणाला, दुसऱ्या कोणाला तरी दाखवू. दुसरेही सर्जनच निघाले, टिळक रोडच्या मागच्या गल्लीत, वयस्कर, भिंतीवर ‘मोबाइल वाजल्यास नंबर मागे जाईल’ अशी पाटी. त्यांनी फिल्मला हातच लावला नाही. चपला काढा म्हणाले. टाचांवर चाला. चवड्यांवर चाला. एका पायावर उभं राहून टाच उचला, मी मोजतो. उजव्या पायाने वीस झाल्या, डाव्याने नऊ. घोट्याच्या मागे हातोडी मारली, उजवं पाऊल उडालं, डावं गप्प. उताणं झोपवून डावा पाय सरळ ठेवून उचलायला लागले, हातभर उचलला तोच मी ओरडले. मग लघवीचं विचारलं, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का विचारलं. हे सगळं झाल्यावर फिल्म पाहिली.

म्हणाले, “अहो, मी आयुष्यभर हीच ऑपरेशनं केली. मीच सांगतोय, तुम्ही थांबा.”

मी म्हटलं, त्या वरच्या दोन चकत्या? ते हसले. कंबर कधीही न दुखलेल्या ९८ माणसांचे एमआरआय अमेरिकेत काढून पाहिले होते, त्यातल्या ६४ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये काही ना काही दोष निघाला, हे १९९४ साली छापून आलंय. चकतीतले असे दोष म्हणजे वयाबरोबर कपाळावर येणाऱ्या आठ्या आहेत, असं त्यांचं म्हणणं. आणि बाहेर आलेल्या गराचं? तो बाहेर पडला की शरीराला परका वाटतो, पांढऱ्या पेशी त्याला हळूहळू खाऊन टाकतात. गंमत म्हणजे, तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितकी तो विरघळण्याची शक्यता जास्त. रिपोर्टातल्या ‘मोठा’ या शब्दाला मी इतके दिवस उलटं वाचत होते.

त्यांनी हॉलंडमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, घरी येऊन मी तो शोधून वाचला. शोधून ताडून पाहणं ही धंद्याची खोड. सहा ते बारा आठवडे जबर सायटिका सोसलेले २८३ रुग्ण, निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, निम्म्यांना आधी थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर सुटला, यात वाद नाही. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना शेवटी टेबलावर जावंच लागलं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झालो म्हणत होते. म्हणजे निवड बरं होणं आणि न होणं यांतली नव्हती. किती महिने सोसवतं, याची होती. पहिल्या सर्जनांनी हे एका वाक्यात सांगितलं असतं तर कदाचित मी शनिवारीच गेले असते, आणि चूकही केली नसती.

थांबायचं, पण डोळे उघडे ठेवून. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर पडली, किंवा पाऊल घसटायला लागून ताकद दिवसेंदिवस घटत गेली, तर रात्री दोन वाजता का होईना, थेट इस्पितळ. तिथे थांबणं हा मूर्खपणा. हे मी लाल पेनाने (त्याच!) लिहून फ्रिजवर चिकटवलं. सासूबाई देवघरात जाता-येता ते वाचायच्या आणि दर सकाळी चहाबरोबर भर स्वयंपाकघरात विचारायच्या, “काय गं, लघवी नीट ना?” सासरे पेपर वर धरायचे.

थांबणं म्हणजे पडून राहणं, असा माझा समज होता. तोही गेला. दोन आठवडे सक्त विश्रांती घेतलेले आणि न घेतलेले, बारा आठवड्यांनी दोघेही सारखेच सुधारलेले असतात, असं हॉलंडमध्येच तपासून झालंय. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. हालचालीबरोबर तिच्यात पाणी झिरपतं, तेच तिचं जेवण. तेव्हा दोन दिवस पडा, मग उठा. मी कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपायला शिकले. नसेसाठी म्हणून एक गोळी मिळाली होती, तिने दुखणं तसंच राहिलं आणि भिंती फिरायला लागल्या. डॉक्टरांना सांगून ती हळूहळू बंद केली. मणक्यात इंजेक्शनचा पर्यायही त्यांनी बोलून ठेवला होता, त्याची वेळ आली नाही. पाठ तुडवून देणारा एक माणूस शेजारच्या काकांनी सुचवला, त्याचीही येऊ दिली नाही.

सासूबाईंनी मात्र कटिबस्तीचा आग्रह सोडला नाही. नारायण पेठेतल्या वैद्यबाईंकडे सात दिवस. पालथं झोपायचं, कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करायचं, त्यात कोमट तेल ओतायचं, गार झालं की कापसाने टिपून परत कोमट. पीठ किती घट्ट मळलंय यावरून सासूबाईंनी वैद्यबाईंना दोन सूचनाही दिल्या. ते तेल नसेच्या मुळापर्यंत पोचलं असं मला वाटत नाही, आणि मी तसं घरी म्हटलंही. पण त्या सात रात्री मी सलग पाच-पाच तास झोपले. झोपेची किंमत दुखणाइतालाच कळते.

आता फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीबद्दल. कर्वे रोडवर पहिल्या मजल्यावर फिजिओथेरपीचं क्लिनिक, लिफ्ट नाही. कंबरदुखीवाल्यांसाठी बावीस पायऱ्या. वर एक पंचविशीतली मुलगी, केसांचा उंच अंबाडा, मला पहिल्याच वाक्यात “काकू” म्हणाली. मी तोवर कोणाची काकू आहे असं मला वाटत नव्हतं. दुखतंय किती, दहापैकी किती, असं सगळे विचारत होते आणि मी रोज वेगळा आकडा सांगत होते. ती म्हणाली, “काकू, किती दुखतं ते नका सांगू. कुठपर्यंत दुखतं ते सांगा.”

मला ते एकदम पटलं. आकड्यात माणूस खोटं बोलतो, जागेत नाही.

तिने मला पालथं झोपवलं. मग कोपरांवर उठायला लावलं. मग हात सरळ करून छाती वर, कंबर खाली सैल. दहा वेळा, दर दोन तासांनी. आपल्या भुजंगासनाचाच चुलत भाऊ, पण याची कथा न्यूझीलंडची आहे. वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेंझी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. १९५६ साली त्यांचा एक रुग्ण, पायात कळ घेऊन येणारा, आतल्या खोलीत जाऊन पालथा पडला. त्या कॉटची डोक्याकडची बाजू आधीच्या कोणासाठी उंच करून ठेवली होती, ती खाली करायची राहून गेली होती. थोड्या वेळाने मॅकेंझी आत आले आणि ते दृश्य पाहून घाबरले. रुग्ण म्हणाला, पायातलं दुखणं गेलं, कमरेतच काय ते उरलंय. एका विसरलेल्या कॉटमधून ही पद्धत निघाली. तिचा कणा इतकाच, की दुखणं पायातून वर, कमरेकडे सरकतंय ना हे पाहा. वर सरकत असेल तर तीच दिशा तुमची. खाली उतरत असेल तर ताबडतोब थांबा.

हे वाचून कोणी आज रात्री गादीवर पालथं पडू नये. माझ्याच घरात उलटं उदाहरण आहे. सासऱ्यांनाही पायाची कळ आहे, पण त्यांच्या मणक्यातली नळीच वयाने अरुंद झालीय. मागे वाकलं की ती आणखी आवळते, पुढे वाकलं की मोकळी होते. म्हणून पंचाहत्तरीतला हा माणूस सायकलवर, हँडलवर ओणवून, एरंडवण्यातून दगडूशेठपर्यंत आरामात जातो आणि पायी मात्र कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत दोनदा थांबतो. गल्लीतल्या लोकांना वाटतं, आजोबा काम टाळतात. मला पालथं पाहून त्यांनी एकदा गुपचूप तोच व्यायाम केला आणि दोन दिवस अंथरुणाला खिळले. नाव एक, दुखणी दोन.

मी वहीत एका पायाचं चित्र काढलं आणि रोज रात्री दुखणं जिथे थांबलं तिथे लाल खूण करायला लागले. पहिले दहा दिवस खूण करंगळीवरच. कोजागिरीला टाचेवर. मग पोटरीत बरेच दिवस मुक्काम. वसुबारसेला गुडघ्याच्या मागे. फराळ सासूबाईंनी आणि नवऱ्याने केला, मी स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथी पडून चकल्यांचे काटे तपासले. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी उठले तर पायात काही नाही, आणि कंबर अशी दुखतेय की उभं राहवेना. नवऱ्याने गाडीची किल्ली हातात घेतली. मी फोन घेतला आणि क्लिनिकमध्ये आनंदाने ओरडले, “अगं, कंबर जाम दुखतेय!” पलीकडून ती तितक्याच आनंदाने म्हणाली, “भारी, काकू!” नवरा किल्ली घेऊन तसाच उभा.

तिथून सगळं सुरळीत झालं असं नाही. मार्गशीर्षात एका लग्नात पंगतीच्या आग्रहाला बळी पडून तीन तास खुर्चीत बसले, येताना रिक्षावाल्याने म्हात्रे पुलापासून घरापर्यंत एकही खड्डा वाया जाऊ दिला नाही, आणि लाल खूण पुन्हा पोटरीत उतरली. पाच दिवस रडले. मग पुन्हा कोपरांवर. नंतर कितीदा असं झालं ते वहीत आहे, इथे सांगण्यासारखं त्यात काही नाही.

चालणं मी विजेच्या खांबांवर मोजलं. सुरुवातीला गल्लीतले दोन, मग पाच, मग कमला नेहरू पार्कची एक फेरी. संक्रांतीच्या आठवड्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढले. वर देवदेवेश्वराला हात जोडले, खाली उतरले, आणि सारसबागेसमोर उभ्याउभ्याच भेळ खाल्ली. बसायला बाक मोकळा होता.

कामावर परतले तेव्हा मालकांनी अडगळीतून एक वस्तू काढून पुसून ठेवली होती. खिळेजुळाऱ्यांचा उतरता लाकडी स्टँड, ज्यावर खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांची, कप्प्यांची पेटी ठेवून ते मजकुराची जुळणी करायचे. उभ्याने, आयुष्यभर. मी या छापखान्यात आले तेव्हा त्यांच्यातले शेवटचे दोघे अजून होते आणि मला त्यांची दया यायची, बिचारे दिवसभर उभे. आता त्याच स्टँडवर, छातीच्या उंचीला, मी प्रुफं लावते. एक फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा संच) उभ्याने, एक बसून. लाल पेनाला दोरी बांधली आहे.

होळीनंतर टिळक रोडवाल्या डॉक्टरांकडे गेले. डाव्या पायाच्या टाचा अठरा झाल्या. घोट्यावर हातोडी मारली, पाऊल अजून गप्पच. ते परत येईलच असं नाही, नाही आलं तरी चालतं म्हणाले. करंगळीच्या बाहेरच्या कडेला रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे, तिथे चपलेचा पट्टा घासला तरी कळत नाही. मी विचारलं, आता पुन्हा एमआरआय काढून पाहू का, तो तुकडा गेला का ते? त्यांनी विचारलं, पाहून काय करणार? मला उत्तर सुचलं नाही. नुसती उत्सुकता होती.

जुनी फिल्म घरी आणून कपाटावर टाकली होती. चैत्र लागायच्या आधी सासूबाई ती घेऊन आल्या. “ही लागणार आहे का गं तुला?” एक्स-रेच्या जुन्या फिल्मा त्या कधी टाकत नाहीत. उदबत्ती पेटवून फिल्मवर टेकवत टेकवत बारीक भोकं पाडतात, की झाला रांगोळीचा छाप. गुडघ्याचा एक्स-रे दरवर्षी दारात कमळ होतो. माझ्या कमरेची फिल्म मोठी, म्हणून तिच्यावर गोपद्मांची ओळ बसवली. शेवटची दोन पावलं बरोबर एल फाइव्ह एस वनवर आली.

पाडव्याला मी उकिडवी बसून ती दारात ठेवली, वरून रांगोळी चाळली आणि फिल्म उचलली. एक पाऊल पुसट उठलं होतं. सासूबाई म्हणाल्या, राहू दे. मी बोटाने नीट केलं.